मुंग्यांना आधी कळलं

हंगाम सुरू झाल्याचं आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. एखाद्या सकाळी खिडकी उघडली की मळीचा आंबूस-गोड वास आत शिरतो आणि समजतं, कारखान्याचा बॉयलर पेटला. मग चार महिने रस्ता आपला राहत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारी गाणी, त्यांच्या मागे अडकलेली एसटी आणि एसटीत अडकलेले आपण. पहाटे असं धुकं उतरतं की कृष्णेवरचा पूल निम्माच दिसतो. दहा वाजेपर्यंत दारातल्या गाडीची सीट दहिवराने ओली असते. पोरं फडक्याने पुसतात, बसतात आणि तरी ओली होतात.

आणि मुंग्या. रस्ताभर उसाची कांडी चिरडलेली, गुऱ्हाळांवर उसाच्या रसाच्या काहिली उकळत असलेल्या, पेठेत गुळाच्या ढेपा रचलेल्या. मग मुंग्यांना आमंत्रण कशाला लागतं! साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, भाकरीचं टोपलं टांगायचं, आणि तरी चहात एखादी सापडली तर ती चमच्याने काढून चहा प्यायचा, अशी आम्हां सगळ्यांची सवय. हंगामात मुंगीचं कुणाला नवल वाटत नाही.

मला हा हंगाम आवडत नाही. लोकांना वाटतं ट्रॉल्यांमुळे. मीही तसंच सांगते. तेरा वर्षं तसंच सांगत आले.

परवा सकाळी मी कॉलेजातल्या आमच्या रोबोच्या खोलीत गेले. सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि पोरांच्या रोबोटिक्स क्लबचं काम माझ्याकडे असतं. दर वर्षी हंगामाच्या ऐन मध्यावर त्यांची स्पर्धा येते. खोलीत सातआठ पोरं-पोरी गोल करून उभी होती आणि मध्ये त्यांचा चारचाकी रोबो जमिनीवर होता. कुणी काही न सांगताच त्याचं पुढचं डावं चाक मध्येच झटका द्यायचं, थांबायचं, पुन्हा थरथरायचं. फिट आल्यासारखं. मी चहाचा कप हातात घेऊन दारातच थांबले. हे चाक मी ओळखत होते.

"मॅडम, कंट्रोलर वेड्यासारखं करतोय," एक पोरगी म्हणाली. "वायरिंग तेजसनं केलंय. त्याचं कायम असंच असतं."

तेजस कोपऱ्यात उभा होता. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. तेरा वर्षांपूर्वी अगदी असाच एक जण स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता, आणि त्या वेळी तसलंच एक वाक्य मी बोलले होते.

तेव्हा कॉलेजातली आमची जागा म्हणजे वर्कशॉपमागची पत्र्याची शेड. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. रणजित आमचा कॅप्टन, कुंडलचा. वडील फौजेत, त्यामुळे घरी सुट्टीवर आलेल्या सुभेदाराने मुलांना उठवावं तसा तो आम्हाला उठवायचा. मी उंब्रजची, आणि तिसरा सन्मती, सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बाकी पोरं यायची जायची. रोबो म्हणजे आम्ही तिघं. रणजितने सांगाडा केला, मी प्रोग्राम लिहिला आणि सगळ्या वायरी सन्मतीच्या.

रोबोत मोटार कंट्रोलर नावाची तळहाताएवढी हिरवी पट्टी असते. 'किती जोरात फिरायचं' हा इशारा प्रोग्रामकडून तिला येतो आणि त्याप्रमाणे ती बॅटरीची ताकद मोजून चाकाला देते. आमच्याकडे अशा चार पट्ट्या, चार चाकांना. त्यांच्या वायरी सन्मतीने अशा लावल्या होत्या की बघत राहावं. प्रत्येक वायर मापाची, प्रत्येक वळण सारखं, प्रत्येक सोल्डरचा थेंब चकचकीत आणि गोल. वायरीला हात लावायच्या आधी तो तिचा प्लग काढायचा. प्लग लावलेला नसला तरी हात तिकडे जायचा. बोटांवर घरच्या हळदीची पिवळी छटा कायम असायची. साबणाने निघत नाही म्हणायचा. बोलायचा कमी. बाजारपेठेत आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दुकानाच्या शेजारची एक खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. शिक्षण झालं की तिथे तो इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम सुरू करणार होता. "पाटी कसली लावू गं?" असं त्याने मला विचारलं होतं आणि आम्ही वर्गात मागच्या बाकावर बसून पाटीचा मजकूर ठरवला होता.

माझ्या घरी दुरुस्ती म्हणजे रोजचं जेवण. उंब्रजला हायवेच्या कडेला नानांचं, माझ्या वडिलांचं, मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की लोक ती ट्रॅक्टरमध्ये घालून नानांकडे आणतात. नाना जळकी तार उपसून काढतात, नवी भरतात, वार्निश लावून वाळवतात. मोटार परत बसवायला शेतकरी नानांनाच घेऊन जायचे, कारण नानांच्या हाताला गुण आहे असं चार गावं मानायची. मोटार पाण्यात सोडली, बटण दाबलं, पाइपातून पाण्याचा लोट आला की नाना तिथल्याच दगडावर नारळ फोडायचे आणि ते पाणी ओंजळीने स्टार्टरच्या पेटीवर शिंपडायचे. मग खोबरं-साखर, आणि करवंटी दुकानातल्या खिळ्याला. मी लहानपणापासून ते बघत आलेली. यंत्र चालू झालं की नारळ, आणि नारळाचं पाणी यंत्रावर. हे मला बटण दाबण्याइतकंच कामाचा भाग वाटायचं.

म्हणून आमचा रोबो पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभा राहून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, त्या दुपारी मी नारळ आणला. उंबऱ्यावर फोडला, पाणी स्टीलच्या पेल्यात धरलं आणि नाना करतात तसं बोटांनी तीनदा रोबोवर शिंपडलं.

"अगं, जरा लांबनं," सन्मती म्हणाला. "वरचं झाकण बसवायचंय अजून. बोर्ड उघडा हाय."

"देवाचं पाणी हाय रे. त्यानं काय होतंय?" मी म्हणाले.

तो हसला. खिशातून रुमाल काढून त्याने दिसले तेवढे थेंब टिपून घेतले. आम्ही खोबरं खाल्लं. रणजितने करवंटी दाराला टांगली. स्टार्टरची पेटी बंद लोखंडाची असते आणि आमचा रोबो सगळा उघडा होता, एवढा साधा फरक मोटारी भरणाऱ्याच्या मुलीला त्या क्षणी सुचला नाही. सवयीने केलेल्या गोष्टीत डोकं लागत नाही हेच खरं.

चारपाच दिवसांनी धुकं पडायला लागलं आणि पुढच्या डाव्या चाकाला झटके यायला लागले.

तो झटका मोठा चमत्कारिक होता. सकाळी आठला रोबो चालू करावा तर चाक थरथरायचं, मध्येच सुसाट सुटायचं, रोबो गर्रकन वळून भिंतीला धडकायचा. मी प्रोग्राम तपासला, पुन्हा लिहिला, पुन्हा तपासला. मग आमची नजर वायरींकडे गेली. संध्याकाळी सन्मती डाव्या कंट्रोलरचे जोड उतरवून पुन्हा करायचा, आणि रोबो शहाण्यासारखा सरळ चालायचा. आम्ही टाळ्या पिटायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा जोड, पुन्हा सरळ. सकाळी पुन्हा भिंत.

यावरून कुणीही एकच अर्थ काढेल आणि आम्ही तोच काढला, की सन्मतीचा जोड एक रात्रसुद्धा टिकत नाही. दुपारी बारानंतर हात न लावताही तो रोबो सरळच चालला असता, हे आम्हाला कळलं नाही. कारण सकाळी बिघडला की आम्ही तो उघडून बसायचो आणि संध्याकाळी जोड झाल्यावरच पुन्हा चालवायचो. मधल्या कोरड्या उन्हाला आम्ही कधी विचारलंच नाही.

त्याच दिवसांत रोबोवर मुंग्या दिसायला लागल्या. तांबड्या, बारीक, एका ओळीत. "बघा, यालाबी गूळ लागलाय," रणजित म्हणाला आणि आम्ही हसलो. मीच फुंकर मारून त्या उडवल्या. बाहेरच्या गावचा कुणी असता तर त्याने विचारलं असतं, लोखंडाच्या आणि तांब्याच्या यंत्रात मुंग्यांचं काय काम? आम्ही उसाच्या मुलखातली माणसं. आमच्याकडे मुंग्या कुठेही असतात.

स्पर्धेला जायला आठवडा उरला. रणजितचा आवाज चढायला लागला होता. त्या सकाळी रोबो तिसऱ्यांदा भिंतीवर आदळला आणि त्याचा पुढचा हात वाकला. सन्मतीने सोल्डरिंग गनचा प्लग लावला. तो चार दिवसांत नीट जेवला नव्हता, डोळे लाल झाले होते. तो पाचव्यांदा तोच जोड उतरवायला बसला आणि मी म्हणाले,

"राहू दे सन्मती. तुझ्या हाताला गुणच न्हाई. तू आता वायरीला हात लावू नको."

रणजित खाली बघायला लागला. सन्मतीने गनचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं, ती स्टँडवर ठेवली, प्लग काढला आणि स्टँडसकट माझ्यासमोर सरकवली. मग उभा राहून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

ते वाक्य मी कुणाकडून शिकले नव्हते. लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्याकडे डॉक्टरच्या हाताला गुण असतो, सुईणीच्या असतो, मोटार भरणाऱ्याच्या असतो. गुण असला की लोक लांबून वाट वाकडी करून येतात. आणि नसला तर नसतो. मग तुम्ही कितीही शिका, कितीही घासा, त्याला इलाज नाही. चूक झाली असं म्हटलं तर माणूस चूक सुधारतो. हाताला गुण नाही म्हटलं तर त्याने काय करायचं? हे सगळं मला पुरेपूर ठाऊक होतं. राग आला होता आणि लागेल असंच काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी नेमकं तेच निवडलं.

पुढचे दोन दिवस जोड मी केले. माझे जोड बघवत नव्हते, पण संध्याकाळी चाक सरळ चालायचं. आणि सकाळी पुन्हा झटका. तेव्हा तरी माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. मी मात्र म्हणाले, त्याने आधीच बोर्ड इतका खराब केलाय की आता कुणाचाच जोड बसत नाही. माणूस स्वतःला वाचवायला लागला की त्याला किती पटापट सुचतं!

मग रविवार आला. रणजित गावी गेला होता, सन्मती घरी. मी एकटीच शेडवर गेले, रोबो उचलून दारात उन्हाच्या तिरिपेत ठेवला आणि पायरीवर बसून राहिले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मुंग्यांकडे बघत बसले. ओळ उंबऱ्यापासून निघत होती, चाकावर चढत होती, सांगाड्यावरून सरळ जात होती आणि डाव्या कंट्रोलरच्या खाली, इशारा आणणारी वायर जिथे खोचलेली असते, त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खोबणीत शिरत होती. दुसरीकडे कुठेही नाही. सगळ्या तिथेच.

मी ती वायर उपसली. खोबणीत, दोन पिनांच्या मधोमध, पिवळसर चिकट थर होता. मी बोट लावलं. नाकाशी नेलं. आणि मी उंब्रजच्या दुकानात होते, खिळ्याला टांगलेल्या नारळाच्या करवंट्यांखाली. तोच खवट गोड वास.

पुढचं सगळं आपोआप उलगडलं. सन्मतीने वरचे थेंब टिपले, पण एक थेंब खाली खोबणीत उतरला होता. वाळून चिकट झाला होता. रोज पहाटे धुक्यातली ओल तो शोषून घ्यायचा, दोन पिनांमध्ये ओलसर वाट तयार व्हायची, नाजूक इशारा भलतीकडे झिरपायचा आणि चाकाला झटके यायचे. ऊन चढलं की वाळायचा. सन्मतीच्या जोडाने काही बिघडत नव्हतं आणि काही दुरुस्तही होत नव्हतं. मी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन ती खोबणी धुतली, दुपारभर उन्हात ठेवली. सोमवारी सकाळी हाताला हात दिसत नाही अशा धुक्यात रोबो शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारल्यासारखा गेला.

"काय हुतं?" रणजितने विचारलं.

सन्मती दाराशी उभा होता. मला आठवतंय, त्याने सायकलचं हँडल अजून सोडलं नव्हतं. मी एका दमात सांगू शकले असते. नारळाचं पाणी. मी शिंपडलेलं. त्याने सांगूनही. दहा शब्दसुद्धा लागले नसते.

"जोड कच्चा होता," मी म्हणाले. "नवा केला."

का, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. इंजिनिअरिंगला जाऊन यंत्रावर नारळाचं पाणी शिंपडणारी उंब्रजची पोरगी, असं सगळं कॉलेज हसेल याची भीती होती. नानांना हसतील याचीही होती. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं. त्या क्षणी इतकंच खरं की खोटं जवळ होतं आणि खरं दोन पावलं लांब.

पुण्याच्या स्पर्धेत रोबो छान चालला. दुसऱ्या फेरीपर्यंत गेलो, तिथे आमच्यापेक्षा चांगल्या टीमने हरवलं. सन्मती बॅटऱ्या उचलत होता, पाण्याच्या बाटल्या आणत होता. परतीच्या गाडीत तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बरं झालं तुला सापडलं. माझ्यामुळं सगळ्यांना लय तरास झाला." मी खिडकीबाहेर बघितलं. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

चौथ्या वर्षी त्याने प्रोजेक्टचं लिखाणाचं काम मागून घेतलं. कॉलेज संपलं, तो हळदीच्या दुकानात गेला. मला त्या रोबोमुळे पुढच्या मुलाखतीत चार वाक्यं बोलता आली, पुढे शिकले, नोकरी लागली. त्याच्या खोलीवर पाटी लागली नाही, हे मी पेठेत जाता-येता बघत होते.

मी नानांना मात्र सांगितलं होतं. स्पर्धेनंतरच्या सुट्टीत, भाकरी खाताना. मला वाटलं ते हसतील. नानांनी घास खाली ठेवला.

"मग त्या पोराला सांगितलंस का?"

"सांगितलं," मी म्हणाले.

त्यानंतर नाना कुणाच्या विहिरीवर गेले की नारळ फोडतात, पण पाणी पेटीवर शिंपडत नाहीत. शेजारच्या मातीत सोडतात. लोक विचारतात, नाना, ही काय नवी रीत? नाना म्हणतात, "माझ्या पोरीनं शिकवलं. पाणी यंत्राला न्हाई दाखवायचं." चाळीस वर्षांची सवय त्या माणसाने एका जेवणात बदलली. मला मात्र एक वाक्य बदलायला जमलं नव्हतं. आणि दर हंगामात, मी उंब्रजला गेले की, ते सहज विचारतात, "तो सांगलीचा पोरगा काय करतो गं?" मी म्हणते, बरा आहे.

तर परवा सकाळी मी कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कुणाचा हात, ते नंतर. आधी रोबो उन्हात ठेवा आणि सगळं एकेक करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." मला मनातून खात्री होती की तेजसची चूक निघणार नाही. मी खोबण्या हुंगून बघितल्या. मुंग्या शोधल्या. पोरं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होती.

तासाभराने तेजसच ओरडला. "मॅडम, सापडलं! माझाच जोड सुटलाय." त्याने वायर धरून हलवून दाखवली. खरंच त्याचाच होता. पोरं त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागली, तो "सॉरी, सॉरी" म्हणत हसत होता, आणि गन तापेपर्यंत कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. दहा मिनिटांत चाक सरळ.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतकंच असतं तर मग! माझाच आहे म्हणायचं, धपाटे खायचे, दुरुस्त करायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मळीच्या वासाने आलं असं मी पोरांना सांगितलं. आणि लगेच कळलं, अजून मी तेच करतेय.

दुपारी मी पेठेत गेले. हळदीची पोती दारापर्यंत आली होती, हवेत ती कोरडी कडवट धूळ. सन्मती आत अंधारात उभा होता. एका हातात हातदिवा, दुसऱ्या हातात हळकुंड. कटकन मोडायचं, उजेडात आतला रंग बघायचा, टाकायचं. हातदिवा सारखा मिचमिचत होता. त्याच्या वायरीला मध्येच काळ्या टेपचा भलामोठा बोळा गुंडाळलेला होता.

"अश्विनी? ये की. आत ये," तो म्हणाला. केस पिकायला लागलेत, हसणं तेच. चहा सांगितला.

"हा दिवा दुरुस्त का करत नाहीस?" मी विचारलं.

"वायरमन येऊन गेला की. पीळ मारून टेप गुंडाळला. रोज डोळ्यांत खुपतंय बघ." तो हसला. "पण आपल्या हाताला गुण न्हाई. घरातला फ्यूजबी मी बांधत न्हाई. बायको बांधती."

तो हे थट्टेने म्हणाला. तेरा वर्षांत ते वाक्य त्याने घासून घासून गुळगुळीत करून टाकलं होतं. दुकानाच्या शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत छतापर्यंत पोती होती.

मी सांगितलं. नारळ, झाकण, रुमाल, खोबणी, मुंग्या, रविवार. सगळं सांगितलं, मध्ये थांबले नाही. चहा आला, त्यावर साय धरली.

त्याने हातातलं हळकुंड पोत्यात टाकलं. मग म्हणाला, "कवा कळलं म्हणालीस?"

"जायच्या आधी चार दिवस."

"म्हंजे पुण्याला जाताना तुला ठाऊक हुतं."

"हो."

"आणि मी गाडीत तुला म्हणालो हुतो…" त्याने वाक्य सोडून दिलं. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफ कर म्हणाले. त्याने मान हलवली, हो अशी नाही आणि नको अशीही नाही.

"मला काय सांगू नको आता," तो म्हणाला. "आप्पांना सांग. ती खोली त्यांनी माझ्यासाठी ठेवली हुती. मी त्यांना म्हणालो, पोती भरा, माझ्या हातानं काय हुत न्हाई. तवापासनं त्यांनी एकदाबी विचारलं न्हाई."

आप्पा गादीवर बसले होते, सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर पांढरी टोपी. मी जाऊन नमस्कार केला आणि समोर बसले.

"आप्पा, मी सन्मतीच्या कॉलेजातली. आमचा रोबो बिघडला होता तो त्याच्या हातानं नाही. नारळाचं पाणी मी सांडलं होतं."

"काय?" आप्पांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल बाळ. ऐकू येत न्हाई."

पोती उचलणारे दोन हमाल थांबले होते. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. पलीकडच्या दुकानातला माणूससुद्धा मान वळवून बघत होता.

"सन्मतीचा काही दोष नव्हता, आप्पा!" मी ओरडून म्हणाले. "चूक माझी होती! मला ठाऊक असून मी सांगितलं नाही! त्याच्या हाताला गुण होता!"

आप्पांनी कानावरचा हात हळूच खाली घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागे, मुलाकडे बघितलं. मीही वळले. सन्मतीने हातदिव्याचा प्लग काढला होता. तो पोत्यावर बसून, मान खाली घालून, त्या वायरीवरचा काळा टेप उलगडत होता.